ग्रीक देवांमध्ये कोणाकडे कोणतं खातं?

प्रश्न असा आहे : प्राचीन ग्रीकांचे मुख्य देव कोणते, प्रत्येकाची सत्ता कशावर, आणि वेगवेगळ्या याद्या एकमेकींशी जुळत का नाहीत? मृतांच्या जगाचा राजा हेडीस, एवढा मोठा देव, ग्रीकांच्या ‘बारा देवां’मध्ये का नसतो, हा त्यातलाच एक उपप्रश्न. प्राचीन ग्रीक वाङ्मय आणि धर्म हाच माझा शिकवण्याचा विषय आहे, त्यामुळे हे प्रश्न वर्गात नेहमी येतात. त्यांचं उत्तर तक्त्यात दिलं की मुलं तक्ता पाठ करतात आणि होमर वाचताना पहिल्याच पानावर गोंधळतात, असा माझा अनुभव आहे. तरीही तक्त्यात असतं तेवढं आधी सांगून टाकते, म्हणजे खऱ्या मुद्द्याकडे वळता येईल.

झ्यूस आकाशाचा, पावसाचा आणि विजेचा देव, देवांचा राजा. त्याची बहीण आणि बायको हेरा लग्नाची देवता. भाऊ पोसायडन समुद्राचा, भूकंपांचा आणि घोड्यांचा. बहीण डीमीटर धान्याची, दुसरी बहीण हेस्टिया घरातल्या अग्नीची. पुढच्या पिढीत अथीना : बुद्धी, हातची कारागिरी आणि डावपेचांचं युद्ध. अपोलो : भविष्यकथन, संगीत, रोगराई आणि तिच्यापासून सुटका. त्याची जुळी बहीण आर्टेमिस : रान, शिकार, वयात येणाऱ्या मुली आणि बाळंतपण. एरीस : रणातला रक्तपात. हेफेस्टस : आग आणि लोहारकाम. अफ्रोडायटी : कामवासना आणि सौंदर्य. हर्मीस : वाटा, वेशी, निरोप आणि व्यापार. डायोनायसस : मद्य, उन्माद आणि नाटक.

मोजून पाहिलंत तर हे तेरा झाले. ग्रीक लोक मात्र ‘बारा देव’ म्हणत, आणि याद्या न जुळण्याचं मूळ इथेच आहे. बारा हा आकडा पक्का होता, बारा कोण हे पक्कं नव्हतं. अथेन्सच्या बाजारचौकात, म्हणजे अगोरात, बारा देवांची वेदी होती. इ.स.पू. ५२२-५२१ मध्ये हिपियासचा मुलगा पिसिस्ट्रॅटस अथेन्समध्ये वर्षाचा मुख्य अधिकारी होता, तेव्हा त्याने ती उभारली. अथेन्सहून कुठलंही अंतर मोजायचं ते या वेदीपासून. इतिहासकार हेरोडोटस ऑलिम्पियापर्यंतचं अंतर तिथूनच सांगतो. आज त्या जागेच्या बऱ्याचशा भागावरून अथेन्स-पिरेयस रेल्वे धावते. पार्थेनॉन या अथेन्समधल्या अथीनाच्या देवळाच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर बारा देव बसलेले दिसतात. त्यांत डायोनायसस आहे, हेस्टिया नाही. आणि ऑलिम्पिया या झ्यूसच्या देवस्थानात? तिथे सहा जोडवेद्या होत्या, प्रत्येकीवर दोघे. त्या बारांमध्ये झ्यूसचे आईबाप ऱ्हीया आणि क्रोनस आहेत, तीन सौंदर्यदेवता मिळून एक जागा आहे, आणि आर्टेमिसच्या जोडीला आल्फियस ही चक्क तिथली नदी आहे. (ग्रीकांच्या लेखी नद्या पुरुषदेव.) उलट डीमीटर, अफ्रोडायटी, एरीस आणि हेफेस्टस यांना त्या यादीत जागाच नाही.

हेस्टियाने आपण होऊन डायोनायससला जागा सोडली अशी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. कोणत्याही प्राचीन ग्रंथात ती नाही. अलीकडच्या पुनर्कथनांमधून ती पसरली. गोड आहे म्हणून कितीही सांगावीशी वाटली तरी ग्रीकांच्या नावावर खपवू नये.

आता खात्यांबद्दल. ही वाटणी झाली कशी, याच्या दोन जुन्या हकिकती आहेत आणि त्या एकमेकींना छेद देतात. हेसिअड या प्राचीन कवीच्या ‘थिऑगनी’मध्ये टायटनांबरोबरचं, म्हणजे आधीच्या पिढीच्या देवांबरोबरचं युद्ध संपल्यावर देव झ्यूसला राजा व्हायला सांगतात आणि मग झ्यूस प्रत्येकाला मानपान वाटून देतो. म्हणजे जे आहे ते झ्यूसने दिलेलं. ‘इलियड’ या होमरच्या ट्रॉय-युद्धाच्या महाकाव्यात, पंधराव्या सर्गात, पोसायडन वेगळंच सांगतो. झ्यूस त्याला रणांगणातून निघून जायचा हुकूम पाठवतो तेव्हा तो उखडतो. आपण तिघे भाऊ सारख्या मानाचे, असं तो म्हणतो. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मला समुद्र आला, हेडीसला काळोख, झ्यूसला आकाश. पृथ्वी आणि ऑलिम्पस मात्र तिघांचे सामाईक, तेव्हा त्याने आपल्या वाट्यात सुखाने राहावं. शेवटी तो माघार घेतो, पण कुरकुरत.

यातलं ‘पृथ्वी सामाईक’ हे वाक्य मी विद्यार्थ्यांना अधोरेखित करायला लावते. माणसं राहतात ती पृथ्वी कोणा एकाची नाही. तिथल्या प्रत्येक गोष्टीत अनेक देवांचा हात आहे, आणि म्हणूनच ‘अमुक देव तमुक गोष्टीचा’ हे सूत्र जमिनीवर उतरलं की चालेनासं होतं.

घोड्याचं उदाहरण घ्या. घोडा पोसायडनचा, असं कुठलंही पुस्तक सांगेल. मग कॉरिंथमध्ये घोड्याच्या संदर्भात अथीनाची पूजा का? पिंडार या कवीच्या एका विजयगीतात याचं सुरेख उत्तर आहे. बेलेरोफॉन या वीराला पंखांचा घोडा पेगॅसस पकडायचा आहे आणि तो काही केल्या हाती येत नाही. स्वप्नात अथीना येते आणि सोन्याचा लगाम देते. तो उठून बघतो तर लगाम खरोखरच शेजारी पडलेला. मग भविष्यवेत्ता त्याला सांगतो की पोसायडनला बैल दे आणि अश्वदेवता अथीनाची वेदी बांध. दोघांनाही, आणि वेगवेगळ्या कारणांसाठी. घोड्याची ताकद, त्याचं बिथरणं, उधळणं हे पोसायडनचं. त्या ताकदीला ताब्यात आणणारी वस्तू आणि अक्कल अथीनाची. समुद्रावरही तसंच. खवळलेलं पाणी पोसायडनचं, जहाज बांधणाऱ्या सुताराचा हात आणि सुकाणूवरच्या माणसाची नजर अथीनाची, शांत समुद्र आणि सुखाचा प्रवास मागायचा तर अफ्रोडायटी. एकच समुद्र, तीन देव, आणि तरी कोणी कोणाच्या खात्यात लुडबूड करत नाही. कारण देवाची ओळख कोणत्या वस्तूवर त्याची सत्ता आहे यावरून ठरत नाही, तो कोणत्या तऱ्हेने काम करतो यावरून ठरते. अथीना कुठेही गेली, हातमागावर, रणांगणात, जहाजावर, तरी ती नेमकी बुद्धी आणि कसब घेऊनच जाते.

युद्धाचंही हेच. एरीस आणि अथीना दोघे युद्धाचे देव कसे, हा प्रश्न हमखास येतो. एरीस म्हणजे कापाकापी, अथीना म्हणजे आपलं शहर वाचवणं. एरीसची देवळं थोडी, आणि ‘इलियड’मध्ये खुद्द बाप झ्यूस त्याला तोंडावर सांगतो की सगळ्या देवांत तूच मला नावडता. पण प्रत्यक्ष लढाईच्या तोंडावर स्पार्टाचे लोक बकरी कापायचे ती या दोघांपैकी कोणाला नाही, आर्टेमिसला. पर्शियनांशी झालेल्या मॅरेथॉनच्या लढाईआधी अथेन्सवाल्यांनीही तिलाच नवस केला : जितके शत्रू मारू तितक्या बकऱ्या. हेरोडोटसच्या हिशेबाने ६,४०० पर्शियन पडले. एवढ्या बकऱ्या मिळेनात, म्हणून दर वर्षी ५०० द्यायच्या असं ठरलं. शंभरेक वर्षांनंतर झेनोफॉन लिहितो की अजून देत आहेत. शिकारीची देवी इथे का? कारण वस्ती संपते आणि रान सुरू होतं ती सीमा तिची आहे, आणि माणूस माणसाला मारायला निघतो तेव्हा तो त्याच सीमेवर उभा असतो. बाळंतपण तिच्याकडे का, याचंही उत्तर मला इथेच दिसतं. मुलगी आणि बाई यांच्यामधली, जीव आणि मरण यांच्यामधली सीमा. अ‍ॅटिका या अथेन्सच्या प्रदेशातल्या ब्रॉरॉन इथे छोट्या मुली तिच्या सेवेला राहायच्या, तेव्हा त्यांना ‘अस्वली’ म्हणत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची : एकाच देवाची अनेक रूपं, आणि प्रत्येक रूपाला स्वतंत्र पूजा. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. देवी एकच म्हटलं तरी तुळजापूरच्या भवानीचा नवस कोल्हापूरला अंबाबाईकडे फेडून चालत नाही. ग्रीकांचंही असंच होतं, आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा झेनोफॉनच्या ‘अ‍ॅनाबेसिस’च्या शेवटी आहे. तो प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण ग्रीक माणूस देवांकडे कसा बघायचा हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही तक्त्यातून कळत नाही.

झेनोफॉन अथेन्सचा. इ.स.पू. ४०१ मध्ये तो पर्शियन राजपुत्र सायरसच्या मोहिमेत सामील झाला. निघण्यापूर्वी त्याने डेल्फीला, अपोलोच्या प्रश्नस्थानी, जाऊन विचारलं की हा प्रवास नीट पार पडावा म्हणून कोणत्या देवांना बळी देऊ? (जाऊ की नको हे आधी विचारायला हवं होतं, म्हणून सॉक्रेटिसने त्याला बोल लावले.) उत्तर आलं, त्याप्रमाणे तो पूजा करत राहिला, त्यात राजा झ्यूस हे रूप होतं. मोहीम फसली, सायरस मेला, आणि दहा हजार ग्रीक सैनिकांना शत्रूच्या मुलखातून वाट काढत परतावं लागलं. झेनोफॉन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. इ.स.पू. ३९९ मध्ये तो लॅम्प्सॅकसला पोचला तेव्हा खिसा रिकामा होता. तिथे फ्लियसचा युक्लिडीस नावाचा ओळखीचा भविष्यवेत्ता भेटला आणि त्याने विचारलं, सोनं किती आणलंस? घोडा आणि अंगावरचं विकल्याशिवाय घरी जायलाही पैसे नाहीत, असं झेनोफॉनने शपथेवर सांगितलं. युक्लिडीसला ते पटेना.

मग लॅम्प्सॅकसच्या लोकांनी पाहुणचार म्हणून पाठवलेल्या भेटीतून झेनोफॉनने अपोलोला बळी दिला. युक्लिडीस शेजारी उभा होता. बळीच्या आतडी-काळजातले शकुन पाहून तो म्हणाला, आता पटलं. आणि पुढे म्हणाला की तुझ्या वाटेत झ्यूस मायलिकियस आडवा आहे. घरी असताना मी तुमच्यासाठी द्यायचो तसा त्याला बळी दिलास का? झेनोफॉन म्हणाला, घर सोडल्यापासून एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफ्रिनियनला जाऊन त्याने घराण्याच्या रीतीप्रमाणे डुकरं अख्खी जाळून अर्पण केली. एरवी ग्रीक बळीचं मांस माणसं वाटून खात. इथे घासभरही न ठेवता सगळं देवाला. त्याच दिवशी सैन्याचा पगार घेऊन दोन माणसं आली. झेनोफॉनने लॅम्प्सॅकसला ५० दारिकांना, म्हणजे पर्शियन सोन्याच्या नाण्यांना, घोडा विकला होता. घोड्यावर त्याचा जीव आहे असं त्यांच्या कानावर होतं आणि त्याने अडचणीतच विकला असणार असं वाटून त्यांनी तो सोडवून आणला होता. तो त्यांनी परत दिला आणि किंमत घ्यायला नकार दिला.

राजा झ्यूस प्रसन्न होता, तरी झ्यूस मायलिकियस अडून बसला होता. म्हटलं तर एकच देव. पण एकाला सगळं देऊन दुसऱ्याचं देणं फिटत नाही. हा मायलिकियस कसा दिसायचा? पिरेयस या अथेन्सच्या बंदरात सापडलेल्या अनेक दगडी पाट्यांवर तो भल्या मोठ्या, वेटोळं घातलेल्या सापाच्या रूपात कोरलेला आहे. विजा फेकणाऱ्या दाढीवाल्या झ्यूसशी या सापाचं काहीही साम्य नाही. तो जमिनीखालचा, रागवला तर घराची बरकत अडवणारा आणि शांत केला तर देणारा.

झ्यूसची आणखी रूपं सांगायची तर घरापासूनच सुरुवात करावी लागेल. अथेन्सच्या घराच्या अंगणात झ्यूस हर्कियसची वेदी असे, कुंपणाचा राखणदार. धान्याच्या कोठीत झ्यूस क्टेसियस : मूर्ती नाही, देऊळ नाही, एक घडा. त्याच्या कानांना पांढरी लोकर गुंडाळायची आणि आत स्वच्छ पाणी, तेल आणि सगळ्या प्रकारची फळं घालायची. आकाशाचा राजा कोठारातल्या घड्यात राहतो, हे तक्त्यात कुठे लिहायचं? आणि ही केवळ घरगुती श्रद्धा नव्हती. अथेन्समध्ये आर्कन या अधिकारपदावर निवडलेल्या माणसाची आधी चौकशी होई. आई-वडील कोण, आजोबा कोण हे विचारल्यावर पुढचा प्रश्न असे : तुझ्याकडे अपोलो पॅट्रोअस, म्हणजे पूर्वजांचा अपोलो, आणि झ्यूस हर्कियस आहेत का, आणि त्यांची स्थानं कुठे आहेत? अंगणातली वेदी दाखवता येणं हा नागरिक असल्याचा पुरावा होता.

पोसायडनकडे परत येते, कारण त्याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. ‘समुद्राचा देव’ म्हटलं की विषय संपतो. पण कांस्ययुगातल्या पायलॉसच्या राजवाड्यातल्या मातीच्या पाट्यांवर, इसवी सनापूर्वी बाराशेच्या आसपासच्या, त्याचं नाव इतक्या ठळकपणे येतं की तिथला तो मुख्य देवांपैकी एक होता हे उघड आहे. झ्यूसपेक्षा त्याचाच मान तिथे मोठा दिसतो. समुद्रापासून लांब, डोंगरांनी वेढलेल्या मँटिनियातही त्याचं मोठं स्थान होतं, अश्वदेव म्हणून. आणि जमीन हादरली की सगळ्यांना आधी तोच आठवायचा. इ.स.पू. ४६४ च्या सुमाराला स्पार्टात भयंकर भूकंप झाला तेव्हा स्पार्टाच्या लोकांनी कारण शोधलं ते असं : आपण टायनारमच्या पोसायडनच्या देवळात आसऱ्याला आलेल्या हेलॉटांना, म्हणजे गुलामांना, बाहेर ओढून मारलं, त्याची ही शिक्षा. इ.स.पू. ३७३ मध्ये हेलिकी हे शहर भूकंपाने आणि पाण्याच्या लोंढ्याने एका रात्रीत नाहीसं झालं. ते पोसायडनच्या फार जुन्या देवस्थानाचंच शहर होतं. ग्रीस भूकंपाच्या पट्ट्यात आहे, पायाखालची जमीन तिथे नेहमी हलत आली आहे. या देवाची भीती समजून घ्यायची तर समुद्राइतकंच हेही लक्षात ठेवायला हवं.

या देवाची एक छोटी कांस्यमूर्ती महाराष्ट्रातही आहे. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात ती सापडली आणि आता तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात ठेवली आहे. पश्चिम किनाऱ्यावरून रोमशी व्यापार चालायचा त्या काळात आलेली ही वस्तू. तिची इथे पूजा होत होती असं मानायला आधार नाही, पण ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी कोल्हापूरला गेल्यावर जरूर पाहावी. आणि बारा देवांचा उल्लेख निघालाच आहे तर : इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरचं सैन्य बियास नदीवर अडलं तेव्हा परतण्यापूर्वी त्याने तिथे बारा प्रचंड वेद्या उभारल्या. इतिहासकार डायोडोरस स्पष्ट म्हणतो की त्या बारा देवांच्या होत्या. त्यांचा मागमूस अजून लागलेला नाही.

आता हेडीस. तो झ्यूस आणि पोसायडनचा सख्खा भाऊ, वाटणीत तिसरा वाटा त्याचा. तरी तो बारांमध्ये नाही, याचं साधं कारण म्हणजे बारा देव हे ऑलिम्पसचे, आणि तो तिथे राहत नाही. पण खरं कारण पूजेत आहे. ज्याच्याकडून मागण्यासारखं काही नाही, जो कोणत्याही प्रार्थनेने वळत नाही, त्याला वेदी कशाला? पॉसेनियस हा दुसऱ्या शतकातला प्रवासी लिहितो की आपल्या माहितीत हेडीसची पूजा करणारे लोक फक्त ईलिसचे, आणि तिथलंही देऊळ वर्षातून एकदाच उघडतं. लोक त्याचं नाव घेणंही टाळत आणि प्लूटॉन म्हणत, म्हणजे संपत्तीवाला, कारण धान्य जमिनीखालून येतं. त्याला मृत्यूचा देव म्हणणंही बरोबर नाही. मृत्यू आणणारा थॅनॅटॉस वेगळा. वाट दाखवत नेणारा हर्मीस. हेडीस केवळ आलेल्यांचा राजा. आणि तो दुष्ट तर अजिबात नाही. अलीकडच्या सिनेमांनी त्याला सैतानाच्या जागी बसवलं आहे, ते पूर्णपणे चुकीचं आहे.

त्याची मोठी गोष्ट एकच, आणि ती खरं तर डीमीटरची आहे. तिची मुलगी पर्सेफनी फुलं वेचत असताना हेडीस तिला पळवून नेतो, आणि तेही झ्यूसच्या संमतीने. आई मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्याशिवाय भटकते. मग अथेन्सजवळच्या एल्युसिसला म्हातारीचं रूप घेऊन बसते आणि जमिनीतून काही उगवूच देत नाही. माणसं मरायला टेकतात, देवांचे नैवेद्य बंद होतात, तेव्हा कुठे झ्यूस हलतो. मुलगी परत येते, पण तिने तिथे डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा एक तृतीयांश काळ तिला खाली राहावं लागतं. या कथेत मला सर्वांत जास्त भिडतं ते हे की देवांच्या राजाला नमवते ती वीज नाही, युद्ध नाही. धान्य अडवून धरणारी आई.

यातूनच एल्युसिसचा गुप्तविधी उभा राहिला. दर वर्षी शरद ऋतूच्या सुरुवातीला अथेन्सहून एल्युसिसपर्यंत सुमारे २० किलोमीटरची मिरवणूक पायी जायची. ग्रीक बोलणारा आणि हातून खून न झालेला कोणीही, बाई असो वा गुलाम, दीक्षा घेऊ शकत असे. आत काय दाखवत ते फोडण्याला देहान्ताची शिक्षा होती, आणि इतक्या शतकांत लाखो माणसांनी ते गुपित पाळलं. चौथ्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती सम्राटांच्या बंदीने आणि गॉथ लोकांच्या स्वारीने तो विधी संपला. डीमीटरचा दुसरा सण थेस्मोफोरिया, फक्त बायकांचा, पेरणीच्या तोंडावरचा. खोल खड्ड्यांमध्ये आधी डुकराची पिल्लं टाकलेली असत. ठरलेल्या बायका तीन दिवस व्रतस्थ राहून खाली उतरत, कुजलेले अवशेष वर आणून वेदीवर ठेवत, आणि ते बियाण्यात मिसळून पेरलं की पीक चांगलं येतं असा विश्वास होता. ‘डीमीटर धान्याची देवता’ या तीन शब्दांत हा वास, हा अंधार, हे जमिनीत उतरणं कुठे आहे?

अपोलो सूर्यदेव आहे का? होमरमध्ये नाही. सूर्य म्हणजे हेलियस, वेगळा देव, आणि ऱ्होड्स बेट त्याचं. तिथला प्रसिद्ध प्रचंड पुतळा हेलियसचाच होता. दोघांना एक मानणं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकापासून हळूहळू सुरू झालं. ‘इलियड’च्या पहिल्या सर्गातला अपोलो रात्रीसारखा उतरतो आणि नऊ दिवस बाणांनी छावणीत साथ पसरवतो. आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं. तोच साथ थांबवतो, म्हणून वैद्यकही त्याच्याकडे. पुढे ते काम त्याचा मुलगा अस्क्लेपियस याच्याकडे जास्त गेलं. डेल्फीला अपोलो भविष्य सांगायचा, पण हिवाळ्याचे तीन महिने तिथे डायोनायससचा अंमल असे. हे प्लूटार्कने लिहून ठेवलं आहे, आणि तो स्वतः तिथला पुजारी होता. डायोनायससबद्दल विद्वानांची समजूत होती की हा बाहेरून आलेला उशिराचा देव. १९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिसने त्या कांस्ययुगीन पाट्यांची लिपी उलगडली, पाट्यांवर त्याचंही नाव निघालं आणि ती समजूत मोडली.

राहिलेल्यांबद्दल थोडक्यात. हेराला केवळ मत्सरी बायको समजू नका. आर्गॉस आणि सामॉस इथे ती पहिल्या क्रमांकाची देवता होती, आणि ऑलिम्पियात तिचं देऊळ झ्यूसच्या देवळाहून जुनं आहे. सायप्रसमधल्या पेफॉसला अफ्रोडायटीची पूजा मूर्तीत नव्हे, एका शंकूसारख्या काळ्या दगडात होत असे. हेफेस्टसचं देऊळ अथेन्सच्या अगोरावर आजही जवळपास अख्खं उभं आहे, लोहारांच्या वस्तीजवळ, आणि तिथे तो अथीनाबरोबर पूजला जाई. हर्मीसचे चौकोनी खांब दारोदारी असत, इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवर आरमार निघायच्या आधी एका रात्रीत कोणीतरी त्यांचे चेहरे फोडले आणि अख्खं अथेन्स हादरलं, कारण वाटेच्याच देवाचा अपमान करून प्रवासाला निघायचं होतं. हेस्टियाच्या कथा जवळजवळ नाहीतच, पण नैवेद्यात पहिला वाटा तिचा.

मग ग्रीक माणसाला तरी कसं कळायचं की कोणाकडे जायचं? तो विचारायचा. एपिरसमधल्या डोडोना इथे झ्यूसचं प्रश्नस्थान होतं. तिथे शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेले हजारो प्रश्न सापडले आहेत. त्यांत एक ठरावीक मायना पुन्हा पुन्हा येतो : कोणत्या देवाला किंवा वीराला पूजा आणि बळी दिले असता माझं अमुक काम होईल? हर्मोन नावाच्या माणसाने विचारलं आहे की क्रेटाइया या बायकोपासून, आहेत त्यांखेरीज आणखी, उपयोगी पडेल असं अपत्य व्हावं म्हणून कोणत्या देवाला शरण जाऊ? संतती देणारी देवता अमुक, हे आपल्याकडच्या तक्त्यात छापलेलं असतं. हर्मोनला तसं वाटत नव्हतं. त्याच्या बायकोसाठी, त्याच्या घरासाठी, या वेळी कोण, हे त्याला झ्यूसकडूनच हवं होतं.

वाचायला कुठून सुरुवात करावी, असंही विचारलं जातं. ‘थिऑगनी’ साधारण हजार ओळींची आहे, दोन बैठकांत होते. वंशावळ आणि मानपान तिथे मिळतील. लगेच ‘इलियड’चा पहिला आणि पंधरावा सर्ग, म्हणजे देव भांडताना दिसतील. आणि पर्सेफनीची ती गोष्ट सांगणारं डीमीटरचं स्तोत्र सोडू नका, जेमतेम पाचशे ओळींचं आहे. ते जवळजवळ हरवलंच होतं; त्याची एकमेव हस्तलिखित प्रत १७७७ मध्ये मॉस्कोत सापडली. कुठल्याही देवाचं नाव आलं की समासात तीन गोष्टी टिपत जा : पुढे विशेषण कोणतं लागलं आहे, गाव कोणतं, आणि बळी काय दिला. असं दहा-बारा प्रसंग टिपलेत की तुमचा स्वतःचा तक्ता तयार होईल, आणि तो छापील तक्त्यापेक्षा झेनोफॉनच्या जगाच्या जास्त जवळचा असेल.